क्लायंटचं घरभाडं केसवर्कर कसं भरतात? अमेरिकेतल्या पद्धती, नियम आणि खबरदारी

अमेरिकेत बहुतेक भाडेकरारांनुसार भाडं महिन्याच्या १ तारखेला द्यावं लागतं. ते थकलं की घरमालक नोटीस देतो आणि तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. 'भाडं भरा किंवा घर सोडा' अशी नोटीस आल्यावर कॅलिफोर्नियात भाडेकरूला ३ दिवस मिळतात (शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून). न्यूयॉर्क राज्यात १४ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर घरमालक कोर्टात जाऊ शकतो.

आजारपण, मानसिक विकार, नोकरी जाणं, घरगुती हिंसाचार किंवा नुकतंच रस्त्यावरून घरात येणं, अशा परिस्थितीतल्या माणसाला हे एकट्याने निभावणं अवघड असतं. अशा वेळी केसवर्कर त्याच्या वतीने भाडं भरण्याची व्यवस्था करतात. हे काम 'चेक लिहिला आणि दिला' इतकं सोपं नसतं. पैसे कुणाचे आहेत, ते कुणाच्या हातात जातात आणि त्याची नोंद कुठे होते, यावर क्लायंटचं घर टिकणार की नाही हे ठरतं. कधी कधी चुकीच्या पद्धतीने केलेली मदत त्याचा सरकारी भत्ताच कमी करते.

केसवर्कर म्हणजे कोण?

सरकारी समाजकल्याण खात्यात किंवा स्वयंसेवी संस्थेत एका व्यक्तीची किंवा कुटुंबाची 'केस' सांभाळणारा कर्मचारी म्हणजे केसवर्कर. काही ठिकाणी त्याला केस मॅनेजर म्हणतात. घर शोधणं, अर्ज भरणं, डॉक्टरची वेळ घेणं, भत्ते सुरू करून देणं, घरमालकाशी बोलणं ही सगळी कामं त्याच्याकडे असतात. ज्याची केस आहे, त्याला क्लायंट म्हणतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. केसवर्कर स्वतःच्या खिशातून भाडं भरत नाही. बहुतेक संस्थांमध्ये त्याला मनाई असते. त्यातून देणं-घेणं तयार होतं, एका क्लायंटला मदत झाली आणि दुसऱ्याला नाही असा भेदभाव होतो आणि हिशेबही राहत नाही. क्लायंटची रोकड किंवा डेबिट कार्ड स्वतःजवळ ठेवणंही याच कारणाने टाळलं जातं. पैसे नेहमी संस्थेच्या किंवा कायद्याने मान्य केलेल्या खात्यातूनच जातात.

पहिला प्रश्न: पैसे कुणाचे?

भाडं भरण्याच्या सगळ्या पद्धती तीन गटांत बसतात.

• पैसे क्लायंटचेच आहेत, पण ते सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर आहे.
• पैसे सरकारी अनुदानाचे किंवा देणगीचे आहेत आणि संस्था ते थेट घरमालकाला देते.
• दोन्ही मिळून: थोडं भाडं क्लायंट देतो, उरलेलं सरकार किंवा संस्था देते.

गट बदलला की नियम बदलतात.

१. रिप्रेझेंटेटिव्ह पेई: क्लायंटचे पैसे, दुसऱ्याच्या हातून

अमेरिकेची सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन (एसएसए) निवृत्तांना आणि अपंगांना दरमहा पैसे देते. उत्पन्न फारच कमी असलेल्या वृद्ध, अंध आणि अपंग व्यक्तींना 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' म्हणजे एसएसआय मिळतं. २०२५ मध्ये एका व्यक्तीसाठी याची कमाल केंद्रीय रक्कम दरमहा ९६७ डॉलर होती.

लाभार्थी स्वतः पैशांचा व्यवहार सांभाळू शकत नाही असं एसएसएला वाटलं, तर ती 'रिप्रेझेंटेटिव्ह पेई' नेमते. हा पेई नातेवाईक, मित्र किंवा संस्था असू शकते. दरमहाची रक्कम पेईकडे येते आणि तो त्यातून भाडं भरतो.

याचे मुख्य नियम असे:

• पैसे आधी चालू गरजांसाठी वापरायचे: घर, अन्न, कपडे, औषधोपचार, रोजच्या वापराच्या वस्तू. उरलेले लाभार्थीच्या नावे शिल्लक ठेवायचे.
• खातं असं उघडायचं की पैसे लाभार्थीचे आहेत हे खात्याच्या नावावरूनच कळेल. पेईने त्यात स्वतःचे पैसे मिसळायचे नाहीत.
• खर्चाच्या नोंदी आणि पावत्या जपून ठेवायच्या. संस्थांना दरवर्षी हिशेबाचा अहवाल द्यावा लागतो.
• ठराविक संस्थांना एसएसएच्या परवानगीने शुल्क घेता येतं. ते मासिक रकमेच्या १० टक्के किंवा एसएसएने ठरवलेली मर्यादा, यांपैकी जे कमी असेल तेवढंच.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. 'माझ्याकडे पॉवर ऑफ अटर्नी आहे, मग मीच पैसे हाताळतो,' असं नातेवाईक म्हणतात. एसएसए आपल्या रकमेसाठी पॉवर ऑफ अटर्नी मानत नाही. पेई म्हणून वेगळी नेमणूक लागतेच. माजी सैनिकांच्या भत्त्यासाठी व्हेटरन्स अफेअर्स खात्याची अशीच वेगळी व्यवस्था आहे. तिथे नेमलेल्या व्यक्तीला 'फिड्युशियरी' म्हणतात.

पेई असणं म्हणजे क्लायंटच्या आयुष्याची मालकी नव्हे. पैसे कशासाठी लागतात हे त्याला विचारायचं, भाडं गेल्यावर किती उरले हे त्याला सांगायचं, हा त्या भूमिकेचाच भाग आहे. प्रकृती सुधारली तर लाभार्थी पेई काढून टाकण्याचा अर्जही करू शकतो.

२. बेघरांसाठीचं अनुदान: संस्थेकडून थेट घरमालकाला

अमेरिकेचं गृहनिर्माण खातं (हड) 'इमर्जन्सी सोल्युशन्स ग्रँट' (ईएसजी) आणि 'कंटिन्युअम ऑफ केअर' या कार्यक्रमांतून राज्यांना, शहरांना आणि संस्थांना निधी देतं. आजच्या या दोन्ही कार्यक्रमांची चौकट २००९ च्या हार्थ कायद्यातून आली. बेघर माणसाला लवकरात लवकर घरात नेणं ('रॅपिड रीहाउसिंग') आणि घर जाण्याच्या बेतात असलेल्याला वाचवणं, ही यातली दोन मोठी कामं.

ईएसजीच्या नियमांत भाड्यासाठी काय बसतं?

• ३ महिन्यांपर्यंतची अल्पकालीन मदत किंवा ३ वर्षांच्या काळात जास्तीत जास्त २४ महिन्यांची मध्यम मुदतीची मदत.
• थकीत भाड्यासाठी एकदाच दिली जाणारी रक्कम, कमाल ६ महिन्यांची. त्या थकबाकीवरचा विलंब आकारही यात धरता येतो.
• डिपॉझिट, कमाल २ महिन्यांच्या भाड्याइतकं.
• घरासाठीच्या अर्जाचं शुल्क, वीज-गॅसचं डिपॉझिट आणि सामान हलवण्याचा खर्च.

ही रक्कम क्लायंटच्या हातात दिली जात नाही. ती घरमालकाला जाते. त्यासाठी संस्था आणि घरमालक यांच्यात लेखी करार लागतो आणि भाडेकरू-घरमालक यांच्यात वेगळा भाडेकरार लागतो. चालू भाड्याची मदत असेल तर ते भाडं हडने त्या भागासाठी ठरवलेल्या 'फेअर मार्केट रेंट'पेक्षा जास्त असून चालत नाही. शिवाय आजूबाजूच्या तशाच घरांच्या मानाने ते वाजवी आहे, हे दाखवावं लागतं.

संस्थेकडूनच पैसे उशिरा गेले आणि घरमालकाने दंड लावला, तर तो दंड ईएसजीच्या पैशातून भरता येत नाही. तो संस्थेला दुसऱ्या निधीतून द्यावा लागतो. म्हणूनच अशा संस्थांचे हिशेबनीस महिनाअखेरीस केसवर्करच्या मागे कागदांसाठी लागलेले असतात.

३. व्हाउचर: भाड्याचे दोन वाटे

'हाउसिंग चॉइस व्हाउचर' हा अमेरिकेतला सर्वांत मोठा भाडेसाहाय्य कार्यक्रम. लोक त्याला 'सेक्शन ८' म्हणतात. यात कुटुंब साधारणपणे आपल्या समायोजित उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं देतं आणि उरलेला वाटा स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देतं.

समजा भाडं १,२०० डॉलर आहे आणि क्लायंटचा वाटा २९० डॉलर. मग प्राधिकरण ९१० डॉलर देतं. पण २९० डॉलर थकले तरी घर जाऊ शकतं. त्यामुळे व्हाउचर मिळालं म्हणून केस बंद होत नाही. क्लायंटचा लहान वाटा वेळेवर कसा जाईल, हे केसवर्कर बसवून देतात. त्यासाठी बहुतेक वेळा पेईची व्यवस्था किंवा बँकेतून आपोआप जाणारं पेमेंट वापरतात.

४. तातडीचे निधी

अनेक राज्यं आणि शहरं स्वतःचे निधी चालवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये 'राफ्ट' नावाचा कार्यक्रम आहे. न्यूयॉर्क शहरात एकरकमी तातडीच्या मदतीला 'वन शॉट डील' म्हणतात. काही धर्मादाय संस्था आणि चर्चही थकबाकीचा काही भाग उचलतात.

कोविडच्या काळात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ च्या दोन कायद्यांतून अमेरिकी संसदेने भाडेसाहाय्यासाठी सुमारे ४,६५० कोटी डॉलर मंजूर केले. त्यात पैसे मुख्यतः घरमालकांना दिले गेले. पण घरमालक सहकार्य करत नसेल तर भाडेकरूला थेट देण्याची सोय ठेवली होती. घरमालकाने फॉर्म भरला नाही म्हणून भाडेकरूची मदत अडू नये, हा त्यामागचा हेतू.

पैसे पोहोचवण्याचे मार्ग

निधी मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष पैसे कसे जातात?

संस्थेचा चेक: आजही खूप वापरला जातो. चेक घरमालकाच्या किंवा व्यवस्थापन कंपनीच्या नावाने असतो. त्यावर भाडेकरूचं नाव, घर क्रमांक आणि कोणत्या महिन्याचं भाडं हे लिहिलेलं असावं. नाहीतर शेकडो घरांच्या इमारतीत तो भलत्याच खात्यात जमा होतो.

बँकेतून थेट हस्तांतर: दरमहा भाडं द्यायचं असेल तर हे सोयीचं. एकदा खात्याची माहिती तपासून घेतली की चेक हरवण्याची भीती राहत नाही. मात्र 'आमचं खातं बदललं आहे' असा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलून खात्री करायची. फसवणुकीचा हा अगदी ठरलेला प्रकार आहे.

घरमालकाचं ऑनलाइन पोर्टल: मोठ्या कंपन्या भाडं पोर्टलवरच घेतात. ते भाडेकरूच्या नावाने असतं. संस्थेने क्लायंटचा पासवर्ड घेणं योग्य नाही. कार्यालयाला संस्थेचा चेक चालेल का, किंवा दुसऱ्याच्या वतीने पैसे भरण्याची सोय आहे का, ते विचारायचं. कोर्टात केस गेल्यावर अनेक कंपन्या पोर्टल बंद करतात, हेही लक्षात ठेवायचं.

मनी ऑर्डर: बँक खातं नसलेल्या क्लायंटला स्वतःचा वाटा भरण्यासाठी उपयोगी. अमेरिकी टपाल खात्याची देशांतर्गत एक मनी ऑर्डर जास्तीत जास्त १,००० डॉलरची असते. १,४५० डॉलर भाड्यासाठी दोन लागतात. घेणाऱ्याचं नाव लगेच लिहायचं आणि पावतीचा तुकडा जपून ठेवायचा. हरवल्यास तोच कामी येतो.

मोबाइल ॲप: झेलसारख्या ॲपवरून पैसे क्षणात जातात, पण चुकीच्या माणसाला गेले तर परत मिळणं कठीण. त्यामुळे अनेक संस्था हा मार्ग टाळतात.

रोख: टाळायचं. अगदीच भाग पडलं तर सही केलेली पावती हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

पैसे पाठवण्याआधी काय तपासतात?

• सही केलेला भाडेकरार आणि त्यातलं भाडं.
• भाडेखात्याचा उतारा. यात कोणत्या महिन्याचं किती थकलं, दंड किती आणि याआधी काय जमा झालं हे दिसतं. घरमालकाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर चेक काढत नाहीत.
• घर खरंच त्या माणसाचं आहे का? काउंटीच्या मालमत्ता नोंदींमध्ये मालकाचं नाव पाहता येतं. खोट्या जाहिराती देऊन डिपॉझिट उकळणारे बरेच असतात.
• घरमालकाचा डब्ल्यू-९ फॉर्म. संस्था देत असलेलं भाडं हे घरमालकाचं उत्पन्न असतं आणि अनेकदा त्याची माहिती १०९९ फॉर्मवर कर खात्याला द्यावी लागते. वर्षभरातल्या रकमेची ही मर्यादा २०२५ पर्यंतच्या पेमेंटसाठी ६०० डॉलर होती. २०२६ पासून ती २,००० डॉलर झाली.
• त्याच महिन्याचं भाडं दुसऱ्या एखाद्या निधीतून तर जात नाही ना?
• पुढच्या महिन्याचं काय? थकबाकी भरली आणि पुढचं भाडं कुठून येणार हे ठरलं नसेल, तर दोन महिन्यांनी तीच नोटीस पुन्हा येते.

महिन्याच्या मधेच घर घेतलं तर हिशेब दिवसांवर होतो. भाडं १,२०० डॉलर आणि ३० दिवसांच्या महिन्यात १८ तारखेला ताबा मिळाला, तर १३ दिवसांचे ५२० डॉलर होतात. त्यात १,२०० डॉलर डिपॉझिट धरलं तर घरात शिरतानाच १,७२० डॉलर लागतात. हा आकडा आधी काढला नाही तर किल्ली मिळायच्या दिवशी धावपळ होते.

चेक पाठवला म्हणजे काम संपलं नाही. पैसे खात्यात जमा झाल्याचा नवा उतारा मागवून फाइलला लावला की ते पूर्ण होतं.

मदतीमुळे एसएसआय कमी होतं का?

होऊ शकतं. एसएसआय घेणाऱ्याचं भाडं नातेवाईकाने किंवा मित्राने परस्पर भरलं, तर एसएसए ती 'वस्तुरूप मदत' समजते आणि दरमहाची रक्कम कमी करू शकते. कपातीला मर्यादा आहे, पण ती साधारण कमाल रकमेच्या एक तृतीयांशापर्यंत जाते. २०२५ च्या दराने ९६७ पैकी सुमारे ३२२ डॉलर. ३० सप्टेंबर २०२४ पासून या हिशेबातून अन्न वगळलं गेलं, पण घर अजून धरलं जातं.

कपात कधी होत नाही?

• पेईने लाभार्थीच्याच पैशातून भाडं भरलं तर. ती मदत नाहीच.
• हडच्या भाडेसाहाय्यासारखी सरकारी घरमदत असेल तर.
• अपंगांसाठीच्या 'एबल' खात्यातून भाडं दिलं तर. २०१४ च्या कायद्याने ही खाती सुरू झाली. पूर्वी अपंगत्व वयाच्या २६ वर्षांआधी आलेलं असावं लागे. १ जानेवारी २०२६ पासून ही अट ४६ वर्षांपर्यंत वाढली. भाड्यासाठी काढलेली रक्कम त्याच महिन्यात खर्च करायची, हे पथ्य पाळावं लागतं.

मदत रोख हातात दिली तर ती थेट उत्पन्न धरली जाऊ शकते. शिवाय एसएसआयसाठी एका व्यक्तीची शिल्लक साधारणपणे २,००० डॉलरच्या आत असावी लागते. म्हणून घरच्यांना मदत करायची असेल तर आधी केसवर्करला विचारलेलं बरं.

नोटीस आली असेल तर

अशा वेळी केसवर्कर आधी घरमालकाला लेखी हमीपत्र देतात: अमुक रक्कम, अमुक निधीतून, अमुक तारखेपर्यंत मिळेल. त्या बदल्यात कारवाई थांबवण्याचं लेखी आश्वासन मागतात.

अर्धवट रक्कम पाठवताना सावध राहावं लागतं. अनेक ठिकाणी नोटिशीनंतर थोडे पैसे स्वीकारले तर घरमालकाला नोटीस नव्याने द्यावी लागू शकते. त्यामुळे तो चेक परत पाठवतो. तीन संस्था मिळून थकबाकी भरत असतील तर तिन्ही चेक एकाच वेळी पोहोचतील असं बघतात.

न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूच्या बाजूने एक महत्त्वाची तरतूद आहे. २०१९ च्या कायद्यानुसार सुनावणीआधी पूर्ण थकीत भाडं देऊ केलं, तर घरमालकाला ते स्वीकारावं लागतं आणि थकबाकीचा खटला तिथेच संपतो. कोर्टाची तारीख मात्र चुकवायची नाही. 'संस्था पैसे भरणार आहे' म्हणून क्लायंट गेला नाही, तर निकाल त्याच्या गैरहजेरीत विरुद्ध लागू शकतो.

गोपनीयता

चेकवर 'मानसिक आरोग्य केंद्र' किंवा 'महिला निवारा' असं छापलेलं असेल, तर घरमालकाला नको ती माहिती कळते. म्हणून घरमालकाशी बोलण्याआधी क्लायंटची लेखी संमती घेतात. काय सांगायचं आणि किती काळासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं.

घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये हा जिवाचा प्रश्न असतो. नवा पत्ता नवऱ्यापर्यंत पोहोचता कामा नये. त्यामुळे पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बेघरांच्या सामायिक संगणकीय नोंदीत अशा क्लायंटची माहिती भरायला कायद्याने मनाई आहे. त्या आपली वेगळी नोंद ठेवतात.

अमेरिकेतल्या मराठी आणि इतर भारतीय स्त्रियांना हे जास्त लागू पडतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीच्या नावावर अनेकदा भाडेकरार, बँक खातं किंवा क्रेडिटचा इतिहास नसतो. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ मध्ये 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये 'सखी' या संस्था सुरू झाल्या. भाषा आणि घरची परिस्थिती समजणारा केसवर्कर तिथे भेटू शकतो. व्हिसाच्या दर्जाबाबत प्रत्येक निधीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे एका ठिकाणी नकार मिळाला म्हणून सगळीकडे मिळेल असं नाही.

काही नेहमीचे प्रश्न

घरमालक संस्थेचे पैसे नाकारू शकतो का?
केंद्रीय कायद्यात 'उत्पन्नाचा स्रोत' हे भेदभावाचं कारण म्हणून नोंदलेलं नाही. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा राज्यांत व्हाउचर किंवा भाडेसाहाय्य आहे म्हणून भाडेकरूला नाकारणं बेकायदा आहे. या राज्यांत घर भाड्याने देणाऱ्या भारतीय मालकांनीही हे लक्षात ठेवावं. 'सेक्शन ८ वाले नकोत' अशी जाहिरात महागात पडू शकते.

संस्थेने भाडं भरलं म्हणजे ती भाडेकरू झाली का?
नाही. करार क्लायंटच्या नावावर असेल तर हक्क आणि जबाबदाऱ्या त्याच्याच. काही कार्यक्रमांत मात्र संस्था स्वतः घर भाड्याने घेते आणि क्लायंटला राहायला देते. हा वेगळा प्रकार आहे.

डिपॉझिट परत कुणाला मिळतं?
हे संस्थेच्या कराराप्रमाणे ठरतं. काही ठिकाणी ते क्लायंटचं होतं, काही ठिकाणी संस्थेकडे परत जातं. घरात शिरतानाच हे लेखी असावं.

क्लायंटने स्वतः काय जपून ठेवावं?
भाडेकराराची प्रत, प्रत्येक पावती, नोटीस आणि केसवर्करने दिलेलं हमीपत्र. केसवर्कर नोकरी सोडून जातो, संस्थेचा निधी संपतो. कोर्टात उभं राहायची वेळ आली की हातातले कागदच बोलतात.